कीबोर्डखालची चिठ्ठी

प्रिय बंड्या,

चार महिन्यांपासून तुला उत्तर द्यायचं राहिलंय. दोनदा टाईप करून खोडलं, तिसऱ्यांदा फोन हँग झाला (हे खरंय, बहाणा नाही). आज लिहितोय कारण गेल्या आठवड्यात ऑफिसात जे झालं ते बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? झालं ना शेवटी काम?" म्हटलं हे बंड्याशिवाय कोणाला कळणार नाही, आणि तसंही त्यात तू आहेसच.

तब्येत ठीक. गुडघा तसाच. आई बरी आहे.

तर बारक्या परत रजेवर गेला. शुक्रवारी संध्याकाळी, बॅग खांद्याला अडकवून, दारातून, "अरे सोमवारपासून नाहीये हं मी, जरा बघशील." जरा! सात दिवस! आणि रजा म्हणे तीन आठवड्यांपूर्वीच मंजूर झालेली. आजोबांनी, म्हणजे आपल्या साहेबांनी, सिस्टीमवर क्लिक केलं, याने तिकिटं काढली, घरच्यांनी बॅगा भरल्या, सगळ्या जगाला माहीत, फक्त ज्याच्या गळ्यात काम पडणार त्याला सोडून. सोमवारी सकाळी त्याला एक मेल फॉरवर्ड केली तर ऑटो रिप्लाय आला, "तातडीच्या कामासाठी यांच्याशी संपर्क साधावा," आणि पुढे माझं नाव, माझा एक्स्टेन्शन. त्याच्या जागी मी आहे हे मला असं कळलं रे, मशीनकडून.

फाईल शोधायला त्याचं फोल्डर उघडलं तर आत 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हीच'. तिन्हींची बेरीज वेगळी. फोन लावला तर नॉट रीचेबल.

आता तू म्हणशील रजा त्याचा हक्क आहे. आहेच की! मी कुठे नाही म्हणतो. रजेचा राग नाहीच, राग आहे तो खुर्ची रिकामी टाकून जाण्याचा. धाकटी वहिनी नर्स आहे ना, तिच्याकडे पुढच्या शिफ्टची बाई येऊन 'ओव्हर' घेतल्याशिवाय हिला वॉर्ड सोडता येत नाही, एकेक पेशंट, कोणाचं सलाईन कधी संपणार, सगळं सांगूनच निघायचं. आमच्याकडे कोणी मरत नाही म्हणून ओव्हर नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणतात ना बस फॅक्टर, म्हणजे किती माणसं बसखाली आली की काम ठप्प होईल, तर आमच्या प्रत्येक टेबलाचा आकडा एक. बस पण नको, एक लग्नसराई पुरे.

त्या रागात मी काय केलं माहितीये, ब्रॅडफर्ड फॅक्टर काढत बसलो. एचआरवाल्यांचं सूत्र आहे, वर्षात किती वेळा गैरहजर त्याचा वर्ग गुणिले एकूण दिवस. म्हणजे सलग दहा दिवस गेलास तर दहाच, पण एकेक करून दहा वेळा दांडी मारलीस तर हजार. बारक्याचे पाच वेळा मिळून एकोणीस दिवस, पंचवीस गुणिले एकोणीस, चारशे पंचाहत्तर. खूश झालो. मग लक्षात आलं की हे अचानक मारलेल्या दांड्यांसाठी असतं, मंजूर रजा त्यात धरतच नाहीत. म्हणजे त्याचाही शून्य, माझाही शून्य. फरक इतकाच की मी चौदा महिने घरी राहिलेलो नाही.

पण यावेळी मी गप्प बसलो नाही. आजोबांना मेल टाकली, त्याच्या पाच कामांपैकी ही तीन मी करतो, आठवड्याचा रिपोर्ट आणि बिलांची एंट्री होणार नाही, व्हायला हवी असेल तर माझं कोणतं काम सोडू ते सांगा. शेवटी एक ओळ अशीही लिहिली होती की रजेचं कारण त्याने काय दिलंय आणि खरं काय आहे. ती खोडली. आजोबांचं उत्तर म्हणजे नुसता अंगठा! कशाला अंगठा, हो कशाला, नाही कशाला, काही कळायला मार्ग नाही.

रिपोर्ट गेला नाही. कोणीही विचारलं नाही, अक्षरशः कोणीही. मी तो त्याच्या रजेत रात्री बसून अकरा वेळा काढलाय रे!

बिलांचं मात्र अंगाशी आलं. एक छोटा सप्लायर आहे, तो रोज फोन करायचा आणि मी रोज "ते रजेवर आहेत" सांगून ठेवायचो, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना जरा बरंही वाटायचं. पाचव्या दिवशी तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, रजा त्यांची आहे, माझ्याकडच्या चार पोरांचा पगार रजेवर नाहीये." फोन ठेवला आणि बारक्याच्या टेबलावर त्याचं बिल शोधायला गेलो. ट्रे बघितला, ड्रॉवर बघितला, मग हाताला सवय असल्यासारखा कीबोर्ड उचलला. खाली नुसती धूळ.

तिथेच बसलो, बंड्या.

कारण तू ठेवली होतीस. त्या वर्षी तू आठ दिवस गेलास आणि मी सगळ्यांसमोर तमाशा केला, हा काही न सांगता पळाला, याच्या भरवशावर राहणं म्हणजे गाढवपणा, आठवतं? आजोबांनाही तेच सांगितलं, आणि तुझ्या अप्रेझलमध्ये ते जसंच्या तसं आलं. तुझी चिठ्ठी मला तिसऱ्या दिवशी सापडली. कीबोर्डखाली, पेन्सिलने, दोन्ही बाजूंनी भरलेली. कुठली फाईल कुठे, कोणाचा फोन येईल, त्याला काय सांगायचं, शेवटी "अडलं तर रात्री नऊनंतर कर, उचलतो." मी ती घडी करून खिशात घातली. तोवर बोलून झालं होतं ना सगळं. आजोबांकडे जाऊन चुकलो म्हणायला दोन मिनिटं लागली असती. तू परत आल्यावर म्हणालास, "ठेवली होती रे मी," आणि मी म्हणालो, "कुठे?"

त्यावरून आपण दीड वर्ष बोललो नाही, आणि मग तूच आधी फोन केलास.

सप्लायरचं बिल त्या दिवशी भरलं. चाळीस मिनिटं लागली. पाच दिवस तो फोन करत होता.

बारक्या आला सोमवारी, ताजातवाना. "काही विशेष?" म्हणाला. म्हटलं नाही. पण आजोबांच्या मागे लागून रजेच्या फॉर्मवर एक रकाना घालून घेतलाय, काम कोण बघणार, आणि त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. बारक्या म्हणतो हा जाच आहे. असेल.

तुझं काय? नवीन घराचं आवरलं का, धाकटीचं ॲडमिशन झालं का, वहिनींची पाठ कशी आहे, सगळं विचारायचं होतं पण हे लांबलं. पुढच्या वेळी नक्की.

आणि हो, मी रजा टाकलीये. चौदा महिन्यांनी, सहा दिवस. रकान्यात बारक्याचं नाव आहे. तीन पानांची नोट लिहिली, त्याला मेल केली आणि एक प्रिंटही ठेवली, कीबोर्डखाली नाही, कीबोर्डवर. तुझ्या गावाला यायचा विचार आहे, चालेल का ते कळव. शिव्या द्यायच्या असतील तर तोपर्यंत राखून ठेव, समोरासमोर दे.

तुझाच,
पक्या

ता. क. चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे. घेऊन येतो.