दहा सेकंदांत भांडं साफ? कौतुक नको, उपाय करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्यानं दहा-पंधरा सेकंदांत भांडं चाटूनपुसून साफ केलं की घरात त्याचं कौतुक होतं. ‘किती आवडीनं खातो!’ त्यात आवड थोडी आणि घाई फार असते. लसी, परवाना, चावे यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, जेवणाच्या वेगावर फारसं नाही. म्हणून हे पत्र.

कुत्रा आपल्यासारखा चावून खाणारा प्राणी नाही. त्याच्या दाढा कात्रीसारख्या चालतात. तुकडा करायचा आणि गिळायचा. तेव्हा ‘नीट चावत नाही’ याची चिंता नको. चिंता करायची ती घशात अडकणाऱ्या घासाची, अन्नाबरोबर पोटात जाणाऱ्या हवेची आणि खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर येण्याची. जेवणानंतर थोड्याच वेळात, पोट न आवळता, कोरड्या श्वानखाद्याचे अख्खे दाणे लांबट गोळ्यासारखे बाहेर पडले तर ती बहुधा उलटी नसते. अन्न अन्ननलिकेतूनच परत फिरलेलं असतं. डॉक्टरांना हा फरक सांगावा, जमल्यास मोबाइलवर चित्रण करून दाखवावं. त्यांच्या निदानाला त्याची फार मदत होते.

भांडं बदलण्याआधी कारण शोधा. एका परातीत सात-आठ भावंडांबरोबर वाढलेलं पिल्लू नव्या घरात एकटं असलं तरी घाई करतं. नोकरदार घरांत सकाळी आठला सगळे हिंजवडी नाहीतर मगरपट्ट्याकडे निघतात आणि कुत्र्याला रात्री एकदाच भरपूर मिळतं. जवळजवळ चोवीस तास उपाशी राहिलेला प्राणी तुटून पडणारच. जंत, मधुमेह, खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही भूक वाढते. भरपूर खाऊनही वजन घटत असेल आणि शी पातळ, तेलकट होत असेल, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या, जर्मन शेफर्डच्या बाबतीत विशेषतः. लॅब्राडॉरची गोष्ट निराळी. त्यांच्यातल्या जवळजवळ एक चतुर्थांश कुत्र्यांत भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडा गायब असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. अशा कुत्र्याला ओरडून काहीच साधत नाही.

पहिला उपाय विभागणीचा. दिवसाचा आहार ३०० ग्रॅम असेल तर तो १००-१०० ग्रॅम करून तीनदा द्या. काट्यावर मोजून द्या, मुठीनं नको. दुपारी घरी कोणी नसेल तर सकाळी लवकर, संध्याकाळी आल्यावर आणि झोपण्याच्या बऱ्याच आधी.

दुसरा उपाय स्वयंपाकघरातच आहे : बिडाचं जुनं आप्पेपात्र. प्रत्येक खळग्यात चमचाभर दाणे टाकले की एका घासात दोन खळगे साधत नाहीत. जीभ आत घालून दाणे वेचावे लागतात. बीड जड असल्यामुळं पात्र फरशीवर सरकत नाही आणि सहजी पालथं होत नाही. दांडा असेल तर तो भिंतीकडे करून ठेवा. नॉनस्टिक मात्र नको, दातांनी त्याचा थर निघतो. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर गंज चढतो. आप्पेपात्र नसेल तर पसरट ताटात जड वाटी पालथी ठेवून तिच्याभोवती दाणे पसरा. भांड्यात गुळगुळीत दगड ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो आम्हाला पटत नाही. घाईत दगडावर दात आपटून तुटू शकतो आणि लहान दगड गिळलाही जातो.

बाजारातली खाचांची प्लास्टिकची भांडी उपयोगी आहेत, पण जात पाहून घ्यावीत. पग, शिह त्झू यांच्या चपट्या तोंडाला खोल खाचा पोचत नाहीत. त्यांना उथळ नक्षी हवी. कुत्रा खाच चावू लागला तर भांडं लगेच काढून घ्या. खाचांत अडकलेलं अन्न पावसाळ्यात बुरसतं, त्यामुळं बाटलीच्या ब्रशनं रोज घासणं आलंच.

घरचं अन्न देणाऱ्यांनी पोळीकडे लक्ष द्यावं. घडीची पोळी सबंध गिळली जाते आणि ओल्या बोळ्यासारखी घशात बसते. नखाएवढे तुकडे करून ते कांदा-लसूण नसलेल्या चिकनच्या पाण्यात भिजवा. दहीभाताचे गोळे न करता तो परातीत पातळ सारवून द्या. कोरडे दाणे कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवले तरी ते पसरूनच द्यायचे, कारण काही कुत्री भिजवलेलं अन्न अक्षरशः पिऊन टाकतात. एप्रिल-मेमध्ये उरलेलं अर्ध्या तासात उचला. शिजवलेली हाडं कधीच नकोत.

खाताना मध्येच भांडं ओढून घेणं किंवा त्यात हात घालणं हा सर्रास केला जाणारा आणि सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे. त्यानं कुत्रा आणखी घाई करतो, पुढं गुरगुरतो, एक दिवस चावतो. त्याऐवजी जवळून जाताना भांड्यात उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा टाका आणि निघून जा. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला कळू द्या. दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्या, दारं बंद, आणि दार उघडण्यापूर्वी दोन्ही भांडी उचललेली.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत पोट वायूनं फुगून स्वतःभोवती पिळलं जाण्याचा धोका असतो. भराभर खाणं आणि दिवसातून एकदाच भरपेट जेवण यांनी तो वाढतो. उंच स्टँडवर भांडं ठेवल्यानं हा धोका टळतो असा समज आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मात्र मोठ्या जातींत उलटंच दिसलं. जेवण आणि पळापळ यांत तासाभराचं अंतर ठेवा. वेताळ टेकडीवरून धापा टाकत आल्यावर लगेच भांडं पुढं करू नका. पोट ताठ होणं, ओकारीचे उमाळे येऊनही काही न पडणं, लाळ गळणं, एका जागी न टिकणं, हिरड्या पांढुरक्या होणं ही लक्षणं दिसली तर ओवा, हिंगाचं पाणी, इनो काही देऊ नका. फोन करून तडक निघा. शस्त्रक्रियेवाचून पीळ सुटत नाही आणि काही तासांतच जीव जाऊ शकतो. रात्री एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्याचा नंबर आजच शोधून फ्रिजवर चिकटवा.

सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना भात घालणाऱ्यांसाठीही हेच. एकच ढीग ओतला की धाकटी कुत्री जीव मुठीत धरून गिळतात, थोरली भांडतात आणि त्या भांडणात मुलं सापडतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायट्यांनी खाऊ घालण्याची जागा ठरवावी, ती जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, अशी तरतूद आहे. त्या जागेवर जितकी कुत्री तितकी ताटं, दोन ताटांत तीन-चार मीटर अंतर. धीटाचं ताट आधी, भित्र्याचं सगळ्यांत लांब. खाणं संपेपर्यंत तिथंच थांबून ताटं उचलून न्यावीत.

आपले,
श्वानपालक रहिवासी, कर्वेनगर, पुणे