मेणवलीच्या घाटाचा पत्रा वाचवणाऱ्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,
सादर प्रणाम.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचे मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र, अखेर गेल्या आठवड्यात कागदावर उतरले. हे पत्र मी मुद्दाम सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण चित्राखाली सही माझ्या एकट्याची आहे आणि ते वाचवणारा हात त्यात कोणालाही दिसणार नाही.

तीन महिने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन, म्हणजे कोरायचे टोकदार हत्यार, निसटले आणि घंटेच्या देवळापासून थेट पाण्यापर्यंत खोल ओरखडा गेला, तेव्हा मी तो पत्रा मोडीत घालायला निघालो होतो. आपण रागावला नाहीत. जर्मन कलावंत ड्यूररच्या १५१४ सालच्या ‘मेलन्कोलिया’ची प्रतिकृती माझ्यापुढे ठेवलीत. त्या चित्रातील सोळा घरांच्या चौकोनात आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज केली तरी ३४ येते. पण सुरुवातीच्या ठशांत त्यातला ९ चा आकडा उलटा पडला होता, आणि सोनाराच्या घरात वडिलांच्या हाताखाली घडलेल्या त्या कलावंताने तोच पत्रा दुरुस्त करून पुढचे ठसे काढले, हे आपण मला त्या दिवशी दाखवलेत.

मग आपण स्वतः शेजारी बसलात. आधी स्क्रेपरने ओरखड्याभोवतीचे तांबे खरवडायचे, मग बर्निशरने घासून ते गुळगुळीत करायचे, एवढे मला पुस्तकातून ठाऊक होते. परंतु खरवडल्यामुळे तिथे उथळ खळगा होतो, खळग्यात शाई राहते आणि ठशावर करडा डाग उमटतो. म्हणून कॅलिपरने, म्हणजे दोन टोकांच्या मापकाने, नेमक्या जागेची पत्र्याच्या पाठीवर खूण करून, पत्रा ऐरणीवर पालथा ठेवून, हलक्या हातोडीने तांबे समपातळीवर आणायचे असते, हे मी आपल्याकडूनच शिकलो. आपला हातोडा इतका हळू पडत होता की मला प्रत्येक ठोका मोजता येत होता. त्यानंतर पाण्याच्या रेघा मी पुन्हा कोरल्या.

काम चालू असताना आपण मिरजेच्या गीतेविषयी बोललात. पेशवाईच्या उत्तरार्धात, नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात सुरू झालेले तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरण्याचे काम पुढे मिरजेस गेले आणि १८०५ साली तिथे ती छापली गेली. ताम्रपट कोरणाऱ्याला अक्षर सरळ काढायचे असते, पण छापण्यासाठी कोरणाऱ्याला प्रत्येक काना-मात्रा उलटी घडवावी लागते. त्या तांबटाच्या नजरेची कल्पना करून मला माझे तीन महिने फार थोडे वाटले. नानांच्याच मेणवलीचा घाट मी कोरत होतो, याचे मला तेव्हा विशेष वाटले.

शेवटचे ऋण शाई पुसण्याचे. जाळीच्या कापडाने पुसून झाल्यावर उरलेली शाई तळहाताने काढताना मी रेघांतलीही शाई उपसत असे. आपण माझे मनगट धरून, हात पत्र्याला समांतर आणि हलका कसा फिरवायचा, हे दाखवलेत. त्यामुळेच या ठशात घाटाच्या पायऱ्या काळ्याभोर आल्या आहेत आणि वरचे आकाश स्वच्छ राहिले आहे.

पहिला ठसा आपल्यासाठी सोबत पाठवत आहे. दुरुस्तीची जागा शोधायला मी तो खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरला, आणि मला ती सापडली नाही.

आपला विद्यार्थी