बुडबुडा चिकटेल, पण दिसेल का?

संपादक महोदय,
स. न.

यकृताचा कर्करोग लवकर हुडकणाऱ्या ‘लक्ष्यवेधी’ सोनोग्राफीबद्दल हल्ली उत्साहाने लिहिलं जातं. पोटावर प्रोब फिरवण्यात हयात गेली, म्हणून हे पत्र.

कल्पना उत्तम आहे. चरबीच्या पातळ कवचातले वायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून टोचायचे. साधे बुडबुडे आम्ही आजही वापरतो. निरोगी यकृताला बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, कर्करोगाची गाठ मात्र धमनीवर पोसते. म्हणून बुडबुड्यांमुळे ती पडद्यावर आधी उजळते आणि मग हळूहळू फिकी पडते. वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीला ताप नाही. आता कवचावर असे रेणू बसवतात, की बुडबुडा गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाच चिकटावा. स्तन आणि बीजांडकोशाच्या गाठींमध्ये माणसांवर केलेल्या अशा चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्धही झाले. यकृतात एक पेच आहे. ग्लायपिकॅन-३ हे या कर्करोगाची ओळख पटवणारं हुकमी प्रथिन रक्तवाहिनीच्या अस्तरावर नव्हे, तर कर्कपेशींवर असतं आणि एवढा मोठा बुडबुडा रक्तवाहिनीबाहेर पडत नाही. म्हणून नॅनो आकाराच्या बुडबुड्यांवर काम सुरू आहे.

पण बुडबुडा चिकटला, तरी त्याला बघणार त्याच प्रोबने! हा कर्करोग बहुधा सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृतात होतो, आणि असं यकृत आक्रसून बरगड्यांआड जातं. वरचा घुमट फुप्फुसामागे. रुग्ण स्थूल असेल तर खोलवरचं सगळं धूसर. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणावं, यकृत जरा खाली सरकावं, तेवढ्यात रुग्णाला खोकला यावा. त्यात मुळातच खडबडीत, गाठाळ झालेल्या यकृतात सेंटिमीटरभराची वेगळी गाठ शोधायची. नुसत्या सोनोग्राफीत सुरुवातीच्या निम्म्याअधिक गाठी निसटतात. जोडीला एएफपीची (या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी केली तर साधारण ६३ टक्के सापडतात.

तरीही रिपोर्टात ‘फोकल लिजन नाही’ (म्हणजे वेगळी गाठ दिसत नाही) एवढंच लिहून आमची मंडळी मोकळी होतात. यकृत किती दिसलं, हे कोण लिहिणार? अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने त्यासाठी ए, बी, सी अशी सोपी श्रेणी २०१७ मध्येच दिली आहे. ‘सी’ म्हणजे बराच भाग दिसलाच नाही. अशा वेळी सीटी किंवा एमआरआयचा विचार व्हायला हवा.

सिरॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी तपासणी करावी आणि रिपोर्ट हातात पडल्यावर ही श्रेणी विचारावी. आम्ही डॉक्टर थोडे वैतागू, पण लिहून देऊ.

आपला,
एक सोनोलॉजिस्ट