कोऱ्या बिलावर सही न केल्याबद्दल

आदरणीय सर,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे, चहा निवतोय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. दुसरंही कारण आहे. गावात अजून बोललं जातं, की त्या दिवाडी बेटावरच्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे तुमच्या, हट्टापायी वाचनालयाची पुस्तकं भिजली. भिजली हे खरंच. पण त्या दिवशी खोलीत काय झालं ते चौघांनाच ठाऊक आहे, आणि त्या चौघांत सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मी होतो.

त्या वर्षी आम्हाला पुस्तकखरेदीसाठी पन्नास हजारांचं अनुदान मिळालं होतं. पुस्तकं होती, छप्पर धड नव्हतं. नळे (कौलं) सरकलेले, वासे वाळवीने पोखरलेले आणि मे संपत आलेला. त्या पैशातून दुरुस्तीला एक रुपयाही वापरता येणार नाही असा नियम. (नियम बिनडोक आहे, हे माझं मत आजही तेच आहे.) मग मी तोडगा काढला. ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून कोरं बिल आणलं. खाली त्याचा शिक्का आणि सही, वरचा मजकूर आम्ही भरायचा. थोडे पैसे त्याला, बाकीचे सुताराला. खिशात कोणीच काही घालणार नव्हतं.

तुम्ही गुरुवारी नेहमीच्या फेरीबोटीने आलात. स्कूटर पिंपळाखाली लावलीत, रुमालाने चष्मा पुसलात, किर्द उघडलीत. हिशेब तपासायचं काम तुम्ही फुकट करता, तरी प्रत्येक बेरजेपुढे पेन्सिलीने बारीक टिंब देता. त्या बिलापाशी टिंब थांबलं. तुम्ही ते खिडकीच्या उजेडात धरलंत, मागूनपुढून पाहिलंत. मी सगळं समजावून सांगितलं, वर सुताराला आगाऊ दिलेला शब्दही ऐकवला. मला तुम्ही काहीच बोलला नाहीत. टेबलाच्या टोकाला बसलेल्या आमच्या ग्रंथपाल मुलीकडे वळलात.

"बाय, दाखल रजिस्टर तूच लिहितेस ना?"

ती हो म्हणाली.

"मग ही पुस्तकं तुलाच चढवावी लागतील. नाव, लेखक, पानं, किंमत. कुठली चढवशील?"

तिला नोकरीला लागून चार महिने झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पिंपळाकडे.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सर. छप्पर मला दिसत होतं, भिजणारी पोथ्यांची कपाटं दिसत होती. त्या छपरासाठी कोणीतरी दुपारभर बसून नसलेल्या पुस्तकांची नसलेली पानं मोजणार होतं, आणि ते अक्षर माझं नसणार होतं.

पण तेव्हा मी हे कबूल केलं नाही. ओरडलो. धर्मराजानेसुद्धा 'नरो वा कुंजरो वा' केलंच की, म्हणालो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आणि जमिनीवरून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली आला, ते पुढचं विसरलात?" एका किरिस्तांव माणसाने मला महाभारत ऐकवावं याची लाज वाटली, त्यात आणखी राग आला. मग तुम्ही तुमच्याकडचं सांगितलंत: बायबलात, रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात संत पौल वैतागून लिहितो, की चांगलं व्हावं म्हणून वाईट करा असं आम्ही शिकवतो, ही लोकांनी आमच्यावर घातलेली तोहमत आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हा तोडगा काढणारे होतेच.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला बळेच जुन्या गोव्यात नेलंत. मला वाटलं, चर्चमध्ये नेऊन प्रवचन देणार. नेलंत ते मोन्ते सांतोच्या टेकडीवर, संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यापाशी. १८४२ मध्ये तिथलं चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा. "छप्पर पडतं तेव्हा कसं दिसतं ते बघून घ्या," म्हणालात. तुमचा विनोद मला तेव्हा कळला नव्हता.

तिथल्या लाल चिऱ्यावर बसून तुम्ही ज्या संताच्या नावाचा तो मनोरा, त्याची गोष्ट सांगितलीत. सुमारे ४२० साली त्याला कोणी विचारलं: स्पेनमधला एक पंथ स्वतःला लपवतो, खोटं बोलतो, आपल्या माणसांनी त्यांच्यातलेच असल्याचं सोंग घेऊन त्यांना उघडं पाडलं तर? ऑगस्टिनने नको म्हणून सांगितलं. खोटं पकडायला खोटं वापरलं, तर आपल्यावर तरी विश्वास कोणी ठेवावा? मी लगेच विचारलं, मारेकरी दारात आला आणि घरात कोणी लपलेलं असेल, तर? तुम्ही हसलात. "त्यावर तो फार कडक आहे. मला स्वतःला सगळं पटत नाही. दारात मारेकरी आला की या माझ्याकडे, बसून बोलू. आज फक्त छप्पर गळतंय."

आणि मग, मी विचारलंही नसताना, तुम्ही इन्क्विझिशनचा, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाचा, विषय काढलात. १५६० ते १८१२. "त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं, हेतू चांगला आहे, आत्मे वाचवायचेत." हे बोलताना तुमचा आवाज बारीक झाला. तुमच्या दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं. नदीपलीकडे नार्व्यात शिवाजीमहाराजांनी १६६८ मध्ये ते पुन्हा उभारलं. फेरीबोटीतून उतरून आमच्याकडे येताना तुम्ही त्या देवळाच्या वाटेने येता, तेही मला त्या दिवशी कळलं. इन्क्विझिशनच्याच काळातला मिशनरी फादर स्टीफन्स तुम्ही समोर ठेवलात. तो १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली. ती १६१६ मध्ये रायतूरला छापली. आमचं हे साष्टीतलं रायतूर (राचोल), कर्नाटकातलं रायचूर नव्हे. "हेतू दोघांचा एकच होता," तुम्ही म्हणालात. आपल्या वाचनालयात ख्रिस्तपुराण आहे ते तुम्हीच दिलेलं, हे इथे सांगून टाकतो.

बाकीचं गावाला माहीत आहे. आपण खात्याला रीतसर अर्ज केला, की यातले काही पैसे दुरुस्तीला वापरू द्यावेत. ऑगस्टमध्ये नकार आला. तोपर्यंत जुलैच्या पावसाने दोन कपाटं धुऊन काढली होती. त्रेसष्ट पुस्तकं. ती मुलगी पंख्याखाली बसून एकेका पानामध्ये टीपकागद घालत होती, आणि तुम्ही शेजारी बसून ओली पुठ्ठ्याची कव्हरं सोडवत होता. त्यातली एकवीस वाचली. तुमच्या तोंडून 'बरोबरच केलं आपण' असं एकदाही आलं नाही. आलं असतं तर मी तुम्हाला माफ केलं नसतं बहुधा.

चवथीनंतर वर्गणी निघाली. आणि तुमच्या जुन्या गोठ्यावरचे नळे पिकअपमध्ये घालून फेरीबोटीने आले. चढवताना सुताराच्या हातून दोन फुटले, तेवढेच.

अनुदानाची पुस्तकं आम्ही खरोखर विकत घेतली. दुसऱ्या दुकानातून. त्यांची नोंद त्या मुलीने केली आहे, हिरव्या शाईने, पानांच्या संख्येसकट. एकदा मी सहज एक काढून पानं मोजून पाहिली. बरोबर होती.

तर सर, मनापासून आभार. यंदाची किर्द बांधून ठेवली आहे. सुताराची बारा तारखेची साडेतीनशे रुपयांची पावती मात्र सापडत नाहीये. ती रक्कम मी भरून टाकू, की पावती हरवली असंच लिहायचं, ते गुरुवारी आल्यावर सांगा. चहा गरम असेल.

आपला,
वाचनालयाचा चिटणीस