हेरेसहून बंड्यास

हेरेस दे ला फ्रोंतेरा, स्पेन
6 सप्टेंबर

प्रिय बंड्या,

पाच महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. चुकलंच माझं. रागाव हवा तेवढा, पण आधी हे पत्र संपव. तब्येत बरी आहे. पाठ मधूनमधून धरते, बाकी काही नाही.

आजींचं विरजण आठवतं? लग्नात माहेरहून आणलेलं, आणि आपण दोघांनी एका दुपारी घालवलेलं? इथे माझ्या हातून पुन्हा तेच झालंय, आणि ते तुलाच सांगता येतं. इथल्या लोकांना विरजण माहीत नाही आणि आपल्याकडच्यांना फिनो, म्हणजे इथली शेरी.

शेरी म्हणजे केकमध्ये घालायची गोड दारू, असं तू म्हणालास आणि दिंडोरीच्या एसटीत आपण वणीपर्यंत भांडलो. फिनो ठणठणीत कोरडी असते, बंड्या. पालोमिनो द्राक्षाच्या वाइनमध्ये अल्कोहोल वाढवून ते 15 टक्क्यांवर आणतात आणि 600 लिटरच्या ओकच्या पिंपात 500 लिटरच भरतात. वर दोन मुठी जागा सोडायची, असंच इथे मोजतात. त्या जागेत वाइनवर यीस्टची साय धरते. तिला फ्लोर म्हणतात. ती हवा आत येऊ देत नाही आणि खालचं ग्लिसरीन खाऊन टाकते, म्हणून वाइन फिकट आणि कोरडी राहते. बूच काढलं की कच्च्या बदामाचा आणि भिजवलेल्या कणकेचा वास येतो.

पिंपं रचलेली असतात थेट आपल्या उतरंडीसारखी. तळाची ओळ सोलेरा, वरच्या सगळ्या क्रियादेरा. विकायची वाइन तळातून काढायची, पण पिंप कधी रिकामं करायचं नाही. जेवढी काढली तेवढी वरच्या ओळीतून भरायची, तिच्यात तिच्या वरच्या ओळीतून, आणि सगळ्यात वर नवी. म्हणजे पहिल्या माणसाने घातलेल्या वाइनचा थेंब अजून तळात आहे. नवी वाइन हेच सायीचं खाणं. ते मिळालं नाही तर ती मरते.

जुलैच्या शेवटी लेवांते सुटला होता. पूर्वेचा कोरडा, भाजणारा वारा. त्या दिवसांत बोदेगाच्या, म्हणजे वाइनच्या कोठाराच्या, पिवळ्या मातीवर आम्ही सकाळ-संध्याकाळ सडा घालतो, उंच खिडक्यांना गवती चटया लावतो, अगदी वाळ्याच्या पडद्यांसारख्या. उन्हाळ्यात साय मुळातच पातळ होते. पिंपं भरताना भोकांची नळी सायीच्या खाली सोडून हळूहळू ओतायचं, म्हणजे पापुद्रा हलत नाही. मला द्राक्षकाढणीच्या आधी ओळ संपवायची होती. नळी नीट खाली न सोडताच मी चार पिंपांत धार सोडली. साय फाटली आणि तुकडे तळाला गेले. मी बूच लावलं आणि पुढच्या पिंपाकडे वळलो.

कोणाला सांगितलं नाही. अकरा दिवस.

तेव्हा तू आजींना पहिल्याच संध्याकाळी खरं सांगितलंस. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही, तुला चुगलखोर म्हणालो. ते शब्द मी आज परत घेतो.

बाराव्या दिवशी मी कापातासला, म्हणजे आमच्या मुकादमाला, सांगितलं. तो ओरडला नाही. वेनेन्सिया, ती लांब दांडीची पळी, त्याने चारही पिंपांत बुडवली, वास घेतला आणि निघून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आता तीन पिंपांवर पांढरे ठिपके आलेत, पण चौथं आरशासारखं नितळ आहे आणि रंग गडद होत चाललाय. असंच राहिलं तर अल्कोहोल 17 टक्क्यांवर नेऊन ते आमोन्तियादोकडे वळवतील. साय गेल्यावर हवेत मुरलेली वाइन ती. वाया जाणार नाही, उलट महाग विकली जाते. सगळे मला हेच सांगून समजावतात. पण ज्या पिंपाने इतकी वर्षं साय धरली, त्याने ती आपण होऊन सोडली तर गोष्ट वेगळी. माझ्या घाईने सोडावी लागली हे मला झोपू देत नाही.

नाव म्हणजे नुसता कागद, असं तू म्हणायचास ना? 1935 साली शेरीच्या नावाची इथली नियमावली झाली. हेरेसपासून थोड्या अंतरावर सान्लुकार हे गाव आहे. द्राक्ष तेच, रीत तीच. पण समुद्राच्या दमट वाऱ्याने तिथे साय बारा महिने जाड राहते, तेवढ्यावरून वाइनचं नाव वेगळं, मान्सानिया. नाव त्या सायीचं आहे, बंड्या. मी फाडली ती सायच.

काल कापातासने मला बोलावलं, शेजारच्या पिंपातून सायीचा तुकडा काढायला लावला आणि म्हणाला, आता या चौथ्यात तूच सोड. विरजण लावावं तसं. माझे हात थरथरत होते. आजी कवडी पाडून दही लावायच्या, तो त्यांचा हात डोळ्यांपुढे होता. रात्री पोनिएन्ते सुटला, समुद्राकडचा ओला वारा. लेवांतेपेक्षा बरा.

तुझं कसं चाललंय? द्राक्षांची गोडी छाटणी कधी धरतोयस? यंदा डाउनी रोगाचं बघ, पाऊस लांबलाय म्हणे. वाइनची द्राक्षं उपटून तू खायचं थॉमसन लावलंस तेव्हा मी नको ते बोललो होतो. इथेही गेल्या चाळीस वर्षांत बागांच्या बागा उपटल्या, आणि त्या माणसांशी बोलल्यावर कळलं की कोणी हौसेने उपटत नाही. चिमीचं दहावीचं वर्ष ना? काकूंचा गुडघा कसा आहे? तुला आवडेल अशी एक गोष्ट बघितली: काढणीनंतर पांढऱ्या चुनखडी जमिनीत दोन ओळींमध्ये चौकोनी खड्डे करतात, हिवाळ्याचा पाऊस अडवायला. फोटो पाठवतो.

रविवारी चौथ्या पिंपाचं बूच काढणार आहोत. त्या दिवशी तुझा फोन आला तर नक्की उचलीन.

तुझा,
विनू