बायोडेटा अजून पाठवू नका

लेस्टर, इंग्लंड,
९ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा आणि आई यांस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, पण तो चुरासुद्धा आम्ही पोरांनी चमच्यानं खाल्ला. तेव्हा पॅकिंग कुणी केलं यावरून घरात भांडू नका. बाकी माझं रोजचं तुम्हाला पाठच आहे. तब्येत उत्तम. गोदामातलं काम कायम आहे, कुणालाही काढलेलं नाही. आईनं टीव्हीवर जे पाहिलं ते दुसऱ्या कंपनीचं.

हे फोनवर का नाही सांगितलं म्हणाल, तर तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि शेजारच्या काकूंपासून दूध घालायला आलेल्या पोरापर्यंत सगळी आळी माझा खोकला ऐकते. म्हणून लिहितोय. फोटो काढून ताईच्या मोबाइलवर पाठवतो, ती वाचून दाखवेल. आजी तिथंच मशेरी लावत बसली असेल तर मधला भाग ताईनं गाळावा. या वयात तिला कुणी काही शिकवायला जाऊ नका.

तर, सिगारेट सुटली. आईनं गणपतीत गळ्याची शपथ घातली होती आणि मी ‘हो गं’ म्हणून फोन ठेवला होता, तेव्हा नाही सुटली. शपथेनं सुटत असतं तर अण्णांची तंबाखूची पुडी पंढरपुरातच राहिली असती. अण्णा, रागावू नका, पुढं तुमच्याच कामाचं लिहिलंय.

इथं २०१२ पासून दर ऑक्टोबरात ‘स्टॉपटोबर’ नावाची सरकारी मोहीम असते. २८ दिवस न ओढता काढले की कायमची सुटायची शक्यता पाचपट वाढते, असं त्यांचं म्हणणं. गोदामात त्याची नोटीस लागली. आमचा फोर्कलिफ्टवाला पोलंडचा आहे, माझ्या दुप्पट वयाचा. तो म्हणाला, तू नाव दिलंस तर मी देतो. मी म्हणालो, तुम्ही दिलंत तर मी देतो. अशी एकमेकांच्या भिडेपोटी दोघांची नावं गेली.

नाव दिलं की आठवड्यातून एकदा एका बाईंकडं जायचं. त्या एक छोटं यंत्र हातात देतात, त्याला पुठ्ठ्याची नळी असते. छातीभर श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद कोंडायचा आणि मग सावकाश शेवटपर्यंत फुंकायचं. श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे त्याचा आकडा पडतो. पहिल्या दिवशी माझा लाल दिवा लागला. मी आपला खाली बघत बसलो, आता उपदेश येणार म्हणून. बाईंनी आकडा कागदावर लिहिला आणि म्हणाल्या, छान, आता हा उतरताना बघायला मजा येईल. बस्स. हा वायू दोन दिवसांत अंगातून जातो, त्यामुळं पुढच्या खेपेला दिवा हिरवा होता. आता आकडा दोनच्या वर जात नाही. त्या कागदाचा फोटो सोबत आहे. आईनं देवासमोर ठेवायची गरज नाही.

नंतर त्यांनी विचारलं, तंबाखू चघळता का? गुटखा? पान? आणि पुढं ‘मिश्री’! गोऱ्या बाईच्या तोंडून आजीची मशेरी ऐकून मी खुर्चीतच हललो. आपल्याकडचे लोक इथं पुष्कळ, म्हणून ‘नाइस’ नावाच्या इथल्या संस्थेनं २०१२ साली खास दक्षिण आशियाई लोकांच्या चघळायच्या तंबाखूवर मार्गदर्शिका काढलीय. मी नाही म्हणालो. माझ्या वडिलांचं विचारलं नाहीत, बरं झालं.

मला दिलं ते असं: दंडाला लावायची निकोटिनची पट्टी, आधी २१ मिलिग्रॅमची, मग १४, मग ७. रोज जागा बदलायची, नाहीतर खाज सुटते. आणि तलफ आली की च्युइंगम. अण्णा, इथं लक्ष द्या. हे च्युइंगम पोरांसारखं चघळत बसायचं नाही. दोनचार वेळा चावायचं, जिभेला तिखट झोंबलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. झोंबणं थांबलं की पुन्हा चावायचं, पुन्हा दाबायचं. बाई मला चित्र काढून शिकवत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, हे तर आमच्या अण्णांना झोपेत येतं. आपल्याकडं २ मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात मिळतं. तुमचं बीपी आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि पुडीवरच्या त्या भयंकर चित्राजवळ १८००-११-२३५६ हा नंबर असतो तो नुसता शोभेचा नाही. टोल-फ्री आहे, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातही त्याचं केंद्र आहे. फोन करा, भांडा वाटल्यास, पण करा.

पट्टी रात्रभर ठेवली की स्वप्नं फार पडतात. एकदा आबा आले. १९८१ च्या आंदोलनात तंबाखूला भाव मिळावा म्हणून ते निपाणीच्या रस्त्यावर बसले होते ना, तिथंच बसलेले, धोतर गुडघ्यावर, आणि मला विचारतायत, तू कुणाच्या बाजूनं रे? जागा झालो तो घामाघूम. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, रात्री काढून ठेवत जा.

आता मागं मी बसथांब्यावरचा माझा फोटो पाठवला होता, त्याचं. ताईनं तो मोठा करून आईला दाखवला आणि आईनं ठरवलं की पोरगं बॅटरीची सिगारेट ओढायला लागलं. आई, ती थंडीची वाफ आहे. पहाटे बसथांब्यावर इथं सगळ्यांच्याच तोंडातून निघते, बाबागाडीतल्या पोरांच्यासुद्धा. पण माझ्या मागं जो उभा आहे त्याच्या हातात खरंच ती वस्तू आहे. एकदाच सगळं सांगून टाकतो, म्हणजे दाजींनी यूट्यूबवरून अर्धवट सांगायला नको.

तिला व्हेप म्हणतात. आपल्याकडं २०१९ पासून कायद्यानं बंद: विकायची नाही, आणायची नाही, जाहिरात करायची नाही. इथं डॉक्टरच सांगतात, सिगारेट सुटत नसेल तर ही घे. २०२३ साली तर सरकारनं जाहीर केलं, दहा लाख सिगारेटवाल्यांना व्हेपचा संच फुकट देऊ. फुकट! सरकारी तिजोरीतून! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं आपलंच इंग्रजी कच्चं. त्यांचा हिशोब असा, की माणूस मरतो तो धुरानं. तंबाखू जळताना डांबर आणि विषारी वायू तयार होतात, ते मारतात. निकोटिन चटक लावतं. व्हेपमध्ये जळत काही नाही, आतलं पाणी तापून वाफ होते. म्हणजे चटक राहते आणि धूर जातो. (पाणी म्हणजे आपलं पाणी नव्हे, ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं, निकोटिन आणि वास घातलेलं.) २०१५ साली इथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं सांगितलं की ही सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक आहे, आणि त्या आकड्यावरून डॉक्टरांत जुंपली. मग शाळेतली पोरं ओढायला लागली. अठराच्या आतल्यांना विकायला बंदी आहे, तरी आंब्याच्या नि कलिंगडाच्या वासाच्या रंगीत नळ्या दप्तरात. ओढून संपल्या की गटारीत. शेवटी वापरून फेकायच्या नळ्या या १ जूनपासून बंद केल्या, पुन्हा भरायच्या चालू ठेवल्या. म्हणजे एकाच रस्त्यावर या टोकाला सरकारी माणूस ती फुकट देतो आणि त्या टोकाला शाळेतला मास्तर तीच जप्त करतो. दोघांचंही बरोबर आहे म्हणे. मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण हिच्यावर सिगारेट सुटलेली माणसं डोळ्यांनी पाहतोय, म्हणून हसतही नाही. मी घेतली नाही याचं कारण अगदी व्यवहारी आहे. सुट्टीला गावी आलो की ती मिळणार नाही, आणायची सोय नाही, मग पुन्हा कोपऱ्यावरची टपरी आहेच.

तलफ पाच-दहा मिनिटांची असते, तेवढी काढायची. सांगायला सोपं. एकदा पहाटेची पाळी फार वाईट गेली आणि मी सवयीनं मागच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. इमारतीत ओढायला इथं २००७ पासून बंदी, आणि बाहेर शेड बांधली तरी तिच्या निम्म्या बाजू उघड्या पाहिजेत असा कायदा. त्यामुळं पाऊस आडवा आत येतो. एकाकडून सिगारेट मागून घेतली होती, पेटवायची राहिली होती. पोलंडचा म्हातारा आला, शेजारी उभा राहिला, माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाला, चल, चक्कर मारू. गोदामाला आम्ही पावसात चकरा घातल्या. तो त्याच्या भाषेत कुणाला तरी शिव्या देत होता, बहुतेक पावसाला. आत आलो तेव्हा खिशात नुसता भुगा होता. पुढं त्याचीच एकदा घसरगुंडी झाली, घरचं काही बिनसलं होतं. बाईंनी त्यालाही एवढंच विचारलं, पुन्हा कधीपासून धरायचं? तो पुन्हा लागलाय. आता सुट्टी झाली की आम्ही दोघं चकरा मारतो, आणि बाकीचे आम्हाला बैलजोडी समजत असावेत.

शाबासकीचं सांगायचं तर इथली माणसं ती पाण्यासारखी वाटतात. एक दिवस ओढली नाही, ‘वेल डन’. दोन दिवस, पुन्हा ‘वेल डन’. अण्णांनी मला बारावीला एकदा ‘बरं झालं’ म्हटलं होतं, त्यावर मी आजवर काढलं. त्यामुळं सुरुवातीला चीड यायची, मी काय बालवाडीत आहे का म्हणून. नंतर एका सकाळी कुणी विचारलं नाही तर दिवसभर चुकल्यासारखं झालं. खालच्या मजल्यावर एक गुजराती बा, म्हणजे आजी, राहतात, त्यांनी धनाडाळीची डबी दिलीय, संपली की आपणहोऊन भरतात. औषधाच्या दुकानातले काका रस्त्यावरून हात करून विचारतात. आई, माझ्याकडं बघायला इथं कुणी नाही असं तू म्हणतेस ना, म्हणून हे सगळं लिहिलं.

खोकल्याचं म्हणशील तर तो सुटल्यामुळंच वाढला होता. श्वासनळीतले बारीक केस धुरानं लुळे पडलेले असतात, ते पुन्हा हलायला लागले की साचलेलं वर ढकलतात. कमी होतोय. वजन वाढलंय, गालही आलेत, तेव्हा ‘वाळलास’ हे आता चालणार नाही. आणि डॉक्टर रिचर्ड डॉल म्हणून इथले मोठे संशोधक होते. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध त्यांनी १९५० साली दाखवला, ते स्वतः ओढायचे आणि स्वतःचेच आकडे बघून त्यांनी सोडली. इथल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं नजर ठेवून त्यांनी हिशोब मांडला: तिशीत सोडली तर आयुष्याची साधारण दहा वर्षं परत मिळतात, साठीत सोडली तरी तीन. मी वेळेत आहे. तो हिशोब सिगारेटचा आहे, पुडीचा नाही, हे अण्णा म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण तीन वर्षं म्हणजे तीन गळीत हंगाम.

पैशाचं. या महिन्यापासून दहा हजार जास्त पाठवतो. कर्जाचा हप्ता वेगळा, तो चुकलेला नाही. जास्तीचे कुठून आले ते विचारू नका. इथं वीसचं पाकीट पंधरा-सोळा पौंडांना पडतं, म्हणजे आपले अठराशेच्या घरात. ताई लगेच गुणाकार करेल, तिनं तो मनात करावा. मे महिन्यात विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा मी हात आखडलाय म्हणालो होतो. असो. आता नवीच घ्या, रिवाइंडिंगच्या नादी लागू नका. उसाला तोड आली का तेवढं कळवा.

तुळशीचं लग्न झालं, म्हणजे आता आई स्वस्थ बसणार नाही हे मला ठाऊक आहे. गडहिंग्लजचं स्थळ मला पसंत नाही असं नाही. मुलगी शिकलेली आहे, इकडं यायला तयार आहे, फोटो मी पाहिला. पण बायोडेटात ‘निर्व्यसनी’ लिहिलंय, आणि वर मामांनी तिच्या वडिलांना तोंडी ‘सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही’ असं ठोकून दिलंय. आई, तो बायोडेटा अजून पाठवू नका. सुटली तर सांगायचं कशाला, असं तू म्हणशील. ती मास्तरांची मुलगी आहे, लग्नानंतर इथं माझ्याशिवाय तिचं कुणी नसेल, आणि पोलंडचा म्हातारा पहिल्याच भेटीत तिला सगळं सांगून मोकळा होईल. मीच तिच्याशी फोनवर बोलतो. नको म्हणाली तर मामांना वाईट वाटू देऊ नका, त्यांची भाषा त्यांना परत करा.

फेब्रुवारीत यायचं म्हणालो होतो ते एप्रिलवर गेलंय. रजा मिळाली नाही, तिकिटंही महाग आहेत. आजीच्या गुडघ्याचं तेल मी विसरलेलो नाही.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. मोटारीचे पैसे आईच्या खात्यावर टाकतोय, अण्णांच्या नाही. त्याच पैशांतून च्युइंगमचं एक पाकीट आईनंच आणावं आणि चंचीत ठेवून द्यावं. पुडी काढून नको, शेजारी ठेवून.