चिपळूणच्या पाण्यात कार्बनचा वाटा किती

पुणे, मे अखेर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर कार्बनमुळे आला’ असं ग्रामसभेत सांगू का, असं विचारतोस. तसं सांगू नकोस. ‘कार्बननं त्या पावसात भर घातली’ असं सांग, आणि कुणी ‘किती?’ म्हटलं तर पुढचा हिशोब मांड.

कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे 280 च्या आसपास होते. 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा साधारण 315 होते, 2024 ची सरासरी 424 च्या पुढे गेली. ही भर इंधनाचीच कशावरून? कार्बन-14 हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यात तो उरलेलाच नाही. असा कोळसा जाळत गेलं की हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण घटतं, आणि ही घट रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांना 1950 च्या दशकातच झाडांच्या लाकडात सापडली होती.

‘एवढासा 0.04 टक्के वायू काय करणार?’ हा प्रश्न हमखास येईल. कोरड्या हवेतला 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि ते जमिनीतून वर जाणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. अडवण्याचं काम उरलेल्या थोड्या वायूंचं. त्यांतला एक दीडपट झाला, तर ते थोडं म्हणून सोडून देता येत नाही.

आता पाऊस. हवा 1 अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. 2021 पर्यंत जग साधारण 1.2 अंशानं तापलं होतं, म्हणजे 8 टक्के धर. महाबळेश्वरला त्या दिवशी 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला वाढीव भाग या नियमानं काढला तर येतो 44 मिलिमीटर. एका चौरस किलोमीटरवर 44 मिलिमीटर म्हणजे 4 कोटी 40 लाख लिटर, दहा हजार लिटरचे 4,400 टँकर. एवढं पाणी फक्त एका चौरस किलोमीटरवर, आणि सह्याद्रीचा उतार ते काही तासांत खाली सोडतो. हा ढोबळ अंदाज आहे, त्या पावसाचा खास अभ्यास नव्हे. सभेत हे स्पष्ट सांग. खास अभ्यास करायचा तर आजची हवा आणि न तापलेली हवा अशी दोन्ही प्रारूपं संगणकावर चालवून तोच पाऊस तपासतात. जुलै 2024 च्या वायनाडच्या पावसाबाबत असं केलं तेव्हा एका दिवसाचा पाऊस सुमारे 10 टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. डोंगराळ, छोटा भाग असल्यामुळे अनिश्चितता मोठी होती, हे अभ्यासकांनी स्वतःच नोंदवलं.

8 टक्के ऐकून लोक म्हणतील, मग विशेष काय? नदी काठाच्या आत असते तोवर नुकसान शून्य. घरात पाणी शिरतं ते शेवटच्या फुटाचं. दुसरं म्हणजे वाढ सरासरीत दिसत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 दरम्यान महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक, अतितीव्र पावसाच्या घटना तिप्पट झाल्या, उलट मोसमाचा एकूण पाऊस घटला. अरबी समुद्र तापतो, तिथून बाष्पाचे लोट मधूनमधून येतात आणि काही दिवसांत सगळं ओततात. म्हणून ‘वर्षाचा पाऊस तर नेहमीएवढाच’ हे म्हणणं फसवं.

पण कार्बनवर सगळं ढकलू नकोस. वाशिष्ठी नदीत साचलेला गाळ, तिच्यातच सोडलं जाणारं कोयनेचं अवजल (वीज तयार करून झाल्यावरचं पाणी) आणि खाडीतली भरती यांचा हिशोब वेगळा. भरतीच्या वेळी पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. प्रत्येक पावसाला ‘ढगफुटी’ म्हणणंही थांबवायला हवं: हवामान खात्याच्या लेखी ती तासाला 100 मिलिमीटर, आणि पंचनाम्यासाठीची अतिवृष्टी महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर. दोन्हींत गल्लत झाली की माणसं चुकीची मागणी घेऊन तहसीलला जातात.

गावाचा स्वतःचा आकडा हवा असेल तर सरळ भिंतींचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेव, काठ जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर. झाड किंवा भिंत स्वतःच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर तरी असू दे. निमुळती बादली नको. तोंड मोठं, तळ लहान, म्हणून ती पाऊस फुगवून दाखवते. 20 सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात 31 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर. नोंद रोज सकाळी साडेआठला, म्हणजे खात्याच्या आकड्याशी जुळेल. डबा उथळ असेल तर जुलैत मधेच भरून वाहतो आणि सगळ्यात मोलाची नोंद वाया जाते, म्हणून जोराच्या पावसात दर तासाला मोजून रिकामा कर. त्याच वहीत शेजारी भरतीची वेळ आणि पुलाच्या खांबावर पाणी कुठवर आलं तेही लिही. खांबावर दर फुटाला ऑइल पेंटची खूण 5 जूनच्या आत मारून घे. पाणी चढल्यावर तिथे कुणालाही उतरवू नकोस.

तुझा,
माधव